गोधडीच्या पोटातलं लुगडं



अक्षय तृतीयेची वर्षीतपाची पारणी आटोपली की आमच्या सासूबाई माळ्यावरच्या गोधड्या खाली काढायला लावत. फाटलेल्या एका बाजूला, धुवायच्या दुसऱ्या बाजूला. आता त्या नाहीत, पण पारणी झाली की माझेही हात आपोआप माळ्याकडे जातात. मनमाडला उन्हाळ्यात गोधडी शिवायला वेळ भरपूर असतो, धुवायला पाणी नसतं. नळाला पाणी पंधरा-पंधरा दिवसांनी येतं, टँकरचं पाणी स्वयंपाकाला आणि भांड्यांना पुरवायचं. म्हणून आमच्याकडे दर वर्षी एक-दोनच गोधड्या धुवायचा नेम आहे. यंदा पाळी आली ती सगळ्यात जुन्या आणि जड गोधडीची. मुलं तिला हत्ती म्हणतात.

हत्ती अख्खा धुवायचा तर दोन पिंपं पाणी जाईल, आणि ओला झाला की चौघींना उचलणार नाही. म्हणून उसवून एकेक थर वेगळा धुवायचं ठरवलं. या गोधडीवर पिढ्यान् पिढ्या नव्या खोळी चढत गेल्या होत्या, पण पोट कुणीच उघडलं नव्हतं. मी आणि माझी जाऊ, दोघी दोन बाजूंनी ब्लेड घेऊन बसलो.

वरची साडी सुरतेची, झुळझुळीत, माझ्याच लग्नानंतरची. (अशी साडी गोधडीला लावू नये, घाम शोषत नाही आणि टाका सरकतो. पण तेव्हा मला कोण सांगणार!) तिच्याखाली सासूबाईंच्या दोन सुती पाचवारी. मग मैद्याच्या पिशव्यांचं कापड, त्यावर फिकट झालेली निळी अक्षरं. या पिशव्या १९७२ च्या दुष्काळातल्या असं घरात सांगतात. त्याच्या आत लाल घागऱ्याचं कापड, ते आजेसासूबाईंचं. त्या शेवटपर्यंत घागरा-ओढणीतच राहिल्या, भिंतीवरच्या फोटोतही तशाच आहेत.

आणि सगळ्यात आत एक छोटी, पूर्ण शिवलेली गोधडी निघाली. जेमतेम दोन हात लांब, लहान मुलाच्या मापाची. तिचं कापड नऊवारी लुगड्याचं होतं: गडद हिरवं, बारीक चौकडीचं, अरुंद काठाचं. आमच्या घरात त्या काळी लुगडं नेसणारं कुणीच नव्हतं. मग हे आलं कुठून?

या प्रश्नासाठी मला जरा मागं जावं लागेल, आणि तुम्हालाही.

आपल्यापैकी बहुतेकींची घरं मारवाडातून आली. कुणाची पेशवाईच्या काळात, कुणाची इंग्रजी अमलात. आमचं घर आलं ते छपन्याच्या दुष्काळानंतर, म्हणजे विक्रम संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. पहिल्यांदा नांदगाव तालुक्यातल्या एका खेड्यात दुकान टाकलं, नंतर मनमाडला आले. मनमाड तोवर जंक्शन झालं होतं. दौंडचा फाटा १८७८ सालीच सुरू झाला होता आणि औरंगाबादकडची निजामाची लाईनही विसाव्या शतकाच्या तोंडावर येऊन मिळाली. रेल्वे आली की धान्य येतं, धान्य आलं की दुकान येतं. तसं जैन म्हणून आपण या मुलखात पहिले नाही बरं का! स्टेशनवरून नगरच्या गाडीत बसलं की लगेच अंकाई-टंकाईचा किल्ला लागतो. तिथल्या जैन लेण्यांत इंद्र आणि अंबिका कोरलेल्या आहेत, आणि त्या कोरल्या तेव्हा आपले पूर्वज मारवाडातच होते.

येताना बायकांनी जे अंथरूण-पांघरूण आणलं त्याला घरात सिरख-पथरणा म्हणत. सिरख म्हणजे पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून भरलेली रजई. मारवाडच्या कोरड्या थंडीला ती उत्तम. इथं मात्र पावसाळ्यात कापूस ओल धरतो, गोळे होतात, आणि सिरख काही धुता येत नाही. गोधडीत कापूस नसतो. जुन्या सुती कापडाचे थर आणि त्यावर धावदोरा, एवढंच. कितीही धुवा, उलट मऊच होते. गुदडी हा शब्द आपल्या मारवाडीतही आहे, पण तो जोगी-फकिरांच्या पांघरुणाचा. दुकान चालवणाऱ्या घरात फाटक्या कपड्यांचं पांघरूण म्हणजे लाज. ती लाज सोडून आजेसासूबाईंच्या पिढीनं गोधडी घेतली, आणि ती आपोआप नाही आली. इथल्या बायकांकडून शिकावी लागली.

शिकल्यावर तिला आपले नियम लागले. आषाढ चौदसीला चौमासी बसायच्या आत शिवण पुरं व्हायला हवं, कारण पुढं ओलीत लीलण-फूलण धरते आणि मग ती गोधडी झटकायलाही जीव कचरतो. उत्तराध्ययन सूत्राच्या सव्विसाव्या अध्ययनात साधूंनी वस्त्रांची पडिलेहण कशी करावी ते बारकाईनं सांगितलं आहे. आपण साध्वी नाही, पण सासूबाई पांघरायच्या आधी प्रत्येक गोधडी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघत. चौदा नियमांत रोज वस्त्र आणि शयन यांची मर्यादा करतो ना आपण? त्यांच्यासाठी ती नुसती बोलायची गोष्ट नव्हती. त्यांच्या अंथरुणात एक गोधडी खाली, एक वर, तिसरी नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न ढेकणांचा होता. शेजारपाजारच्या बायका मे महिन्याच्या उन्हात गोधड्या पत्र्यावर टाकत, वरून कढत पाणी ओतत. आमच्याकडे ते चालायचं नाही. सासूबाई गोधडी सावलीत पसरून मोरपिसाच्या पूंजणीनं कडेकडेनं पुंजत आणि निघालेले जीव कागदावर घेऊन मागच्या पडक्या भिंतीशी सोडत. ते रात्री परत येत असतील, असं मी एकदा म्हटलं होतं. त्या हसल्या नाहीत. सुरतेच्या पांजरापोळात तर एकोणिसाव्या शतकात किड्यांसाठी वेगळी जागा राखलेली होती, ती पाहून इंग्रज प्रवाशांनी नवलानं लिहून ठेवलं आहे. त्या मानानं आमची पडकी भिंत फारच साधी. रेशमाचंही तसंच. येवला इथून तासाभराच्या आत, पैठणीचे तुकडे सहज मिळतील, पण रेशमाचा काठ कधी आमच्या गोधडीला लागला नाही. लग्नात मात्र आम्ही सगळ्या पैठणी नेसतो, ते मी लपवत नाही.

तर लुगडं. ते मी शेजारच्या मावशींना दाखवलं. त्यांचं सगळं आयुष्य रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं आणि त्यांच्या आईनं जन्मभर लुगडंच नेसलं. त्यांनी कापड चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "अगं, हे मालेगावी. हातमागाचं." मालेगाव इथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतून मोमीन विणकरांची बरीच कुटुंबं तिथं येऊन वसली आणि शेतकरी बायकांची सुती लुगडी विणू लागली. म्हणजे तेही आपल्यासारखेच, मूळ गाव सोडून आलेले.

मग मावशींनी टाका दाखवला. बाहेरच्या थरांवरचे टाके सरळ, उभे-आडवे, सिरखेवर घालतात तसे. आतल्या छोट्या गोधडीवरचा धावदोरा कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यानं मधे गेलेला. "ही तुमच्या घरची शिवण नाही," मावशी म्हणाल्या. "ही आमच्याकडच्या बाईची."

चुलत सासूबाई, ज्यांना आम्ही काकीजी म्हणतो, चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांचं उत्तर तयार होतं. थोरल्या सासऱ्यांच्या जन्माच्या वेळी खेड्यात सुईण आणि शेजारीण यांनीच बाळंतपण केलं, त्यातल्या एकीनं जुन्या मऊ लुगड्याची गोधडी बाळाला शिवून दिली असणार. तिच्याकडूनच आजेसासूबाई शिवणं शिकल्या असणार. ऐकायला फार गोड आहे. मला ते खरं असावंसं वाटतं, आणि म्हणूनच मी त्यावर लगेच विश्वास ठेवला नाही.

कारण आमचं दुकान नुसतं किराण्याचं नव्हतं. सावकारीही होती. आपल्या घरांत हे हळू आवाजात बोलतात. मी मोठ्यानं बोलते, कारण शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ते छापलेलंच आहे. १२ मे १८७५ ला, ऐन उन्हाळ्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं लुटली. त्यात मारवाडी आणि गुजराती सावकार मोठ्या संख्येनं होते. लोक आठ-पंधरा दिवसांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव उठले, पण माणसांना मारणं हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना हवी होती खतं आणि रोखे, ती हाती लागली की जाळली. सरकारनं चौकशी बसवली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. नाशिक जिल्हा तेव्हा त्या कायद्यात नव्हता. आमचं घर तर त्यानंतर वीस वर्षांनी आलं. तरी चोपडीची रीत तीच होती.

वकिली करणाऱ्या माझ्या भाचीनं मला आणखी एक गोष्ट दाखवली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे. कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी कर्जदाराच्या काही वस्तूंवर जप्ती आणता येत नाही, त्यांची ती यादी. अगदी सुरुवातीलाच येतात अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि बाईनं धर्माच्या रूढीप्रमाणे अंगावरून उतरवू नयेत असे दागिने. वाचून मी गप्प झाले. घरातली गोधडी जप्त करू नये असं कायद्यात लिहावं लागलं, याचा अर्थ तुम्हीच लावा. आणि हे झालं कोर्टाचं. कोर्टाबाहेर, दुकानाच्या ओट्यावर, व्याजापोटी काय काय ठेवून घेतलं गेलं असेल, ते कुठं लिहिलेलं नाही. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानं परवाना आणि हिशेब सक्तीचे केले, त्यानंतर आमच्या घरानं सावकारी सोडून फक्त किराणा आणि कापड ठेवलं.

हे सगळं मी काकीजींना सांगितलं. त्या रागावल्या. लहान मुलाची गोधडी कोण गहाण घेतं, म्हणाल्या. बरोबरच आहे, विकून तिचे चार आणेही आले नसते. गहाण ठेवलं असतं तर नवं लुगडं, आणि हे तर शिवायच्या आधीच विरलेलं होतं, आतून दोन ठिगळं आहेत. मावशींनी तिसरीच शक्यता काढली, की बोहारणीकडून चिंध्यांच्या भावात आलं असेल. पण बोहारीण चिंध्या आणेल, टाके घातलेली बाळाची गोधडी कशी आणेल?

म्हणजे काकीजींचंच खरं असण्याचा संभव जास्त. तरी माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. त्या शेजारणीचं नाव काकीजींना ठाऊक नाही. चोपडीत तिच्या नवऱ्याचं नाव नक्की असेल, किती दिले आणि किती उरले यासकट. जुन्या चोपड्या आम्ही मागेच रद्दीत घातल्या. तिनं आमच्या बाळाला पांघरूण दिलं तेव्हा तिच्या घरावर आमचं किती देणं होतं? काहीच नसेल. असेलही. खामेमि सव्वे जीवे आपण रोज म्हणतो, पण ज्याला खमवायचं त्याचं नाव माहीत नसलं की ते म्हणताना जीभ थोडी अडखळते. या वेळच्या पाक्षिक प्रतिक्रमणात माझी अडखळली.

धुणं मात्र ठरल्याप्रमाणे झालं. एकाच पाण्यात आधी आतले स्वच्छ थर, मग बाहेरचे, शेवटी तेच पाणी अंगणातल्या लिंबाला. छोटी गोधडी मी पातेल्यात वेगळी धुतली. हिरवा रंग अजून सुटतो, एवढ्या वर्षांनीसुद्धा. सगळे थर सावलीत दोरीवर वाळले, मनमाडच्या वाऱ्याला तासभर पुरला.

जावेचं म्हणणं होतं, छोटी बाहेर ठेवू, काचेच्या फ्रेममध्ये लावू, नाहीतर नातीसाठी जपू. काकीजींनी नको म्हटलं. गोधडी पांघरायची असते, भिंतीला लावायची नसते. शेवटी ती परत पोटात गेली, पण यंदा खालच्या थरांची शिवण आम्ही मावशींकडून शिकून घेतली, कडेपासून आत जाणारी. सुरतेची साडी काढून टाकली, तिच्याजागी सासूबाईंची बदामी सुती नेसायची होती ती वर घातली. रोज दुपारी जेवणं झाली की आम्ही तिघी ओसरीत बसतो. मावशी चष्मा लावून माझे टाके तपासतात, मोठे झाले की उसवायला लावतात. उठताना सुया मोजून डबीत ठेवायच्या.

चौदसीला अजून वेळ आहे. मधल्या चौकोनापर्यंत पोचायला सहा फेरे राहिलेत.