पडलेल्या किल्ल्याचा किल्लेदार : फिरंगोजी नरसाळा

किल्ला राखणें हें किल्लेदाराचें काम; तेव्हां किल्ला गेला म्हणजे किल्लेदार हरला, असा सरळ हिशेब कोणीहि मांडील. चाकणच्या फिरंगोजी नरसाळा यांच्या बाबतींत मात्र हा हिशेब चुकतो.

पुण्याच्या उत्तरेस, जुन्नरच्या वाटेवर चाकण वसलें आहे. तेथील संग्रामदुर्ग हा भुईकोट. त्याला डोंगराचा आधार नाहीं. तट, बुरूज आणि खंदक एवढेंच त्याचें बळ. फिरंगोजी या कोटाचे जुने किल्लेदार. दादोजी कोंडदेवांच्या निधनानंतर, १६४७ च्या सुमारास, त्यांनीं शिवाजीमहाराजांची सत्ता मान्य केली व महाराजांनींहि त्यांना त्याच जागीं कायम ठेविलें.

१६६० सालीं औरंगजेबाचा मामा शाएस्ताखान मोठ्या फौजेनिशीं पुण्यावर उतरला. उत्तरेकडून येणारी रसद निर्धोक राहावी यासाठीं चाकण घेणें त्यास भाग होतें. २१ जून रोजीं तो कोटासमोर येऊन ठेपला. त्या वेळीं महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहराच्या वेढ्यांत होते. जुलैच्या मध्यास ते तेथून निसटून विशाळगडास गेले; परंतु एकाच वेळीं दोन बलाढ्य शत्रूंशीं गांठ पडल्यामुळें चाकणच्या मदतीस फौज धाडणें शक्य नव्हतें. फिरंगोजींस जें करावयाचें तें हातच्या शिबंदीवरच करावयाचें होतें.

भर पावसाळ्यांत मोंगलांनीं मोर्चे बांधले, दमदमे उभारून तोफा चढविल्या. तरी कोट वांकेना. तेव्हां खानानें ईशान्येच्या बुरुजाखालीं भुयार खणविलें. १४ ऑगस्टला सुरुंग उडाला आणि बुरूज वरच्या रक्षकांसह ढासळला. मोंगल खिंडाराकडे धांवले. पण आंतल्या बाजूस मराठ्यांनीं मातीचा उंच बांध आधींच घालून ठेविला होता. त्याच्या आडून झालेल्या माऱ्याखालीं मोंगलांना ती रात्र उघड्यावर काढावी लागली. दुसऱ्या दिवशीं कोट पडला. उरलेले लोक आंतल्या गढींत शिरले आणि राव भावसिंहाच्या मध्यस्थीनें त्यांनीं किल्ला खालीं केला. या वेढ्यांत मोंगलांचे २६८ लोक पडले व ६०० जखमी झाले, असें मोंगल दरबारच्याच इतिहासांत नमूद आहे.

एका भुईकोटासाठीं पादशहाच्या मामास सुमारें ५६ दिवस खर्चावे लागले. मग सह्याद्रीच्या एकेका गडास किती लागतील? पावसाळा असा चाकणापुढें गेला. पुढें खानानें पुण्यास तळ दिला, आणि तेथेंच ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं महाराजांनीं त्याच्यावर छापा घातला.

फिरंगोजींच्या शौर्यानें प्रसन्न होऊन खानानें त्यांना बादशाही चाकरी देऊं केली. ती नाकारून ते महाराजांकडे परतले. महाराजांनीं किल्ला गेल्याबद्दल बोल न लावतां त्यांचा सन्मान केला व भूपाळगड त्यांच्या स्वाधीन केला, असें बखरी सांगतात. किल्ला गेला तरी शत्रूचा वेळ आणि माणसें खर्ची पडलीं, हें महाराजांनीं ओळखलें होतें.

आज चाकणच्या आसमंतांत मोटारींचे कारखाने उभे आहेत. त्यांच्या शेजारींच, गांवांत, संग्रामदुर्गाचे अवशेष अद्याप पाहावयास मिळतात.