संबोधनांचे कायदे

फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासांतील दोन दिवस एकमेकांशेजारीं ठेवून वाचावेत असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे. ता. ३० आक्टोबर १७९३ रोजीं कन्व्हेन्शन नामक राष्ट्रसभेनें स्त्रियांचीं राजकीय मंडळें बंद केलीं. दुसऱ्याच दिवशीं मालबेक नांवाचा एक नागरिक लोकमंडळांच्या वतीनें त्याच सभेपुढें अर्ज घेऊन उभा राहिला. त्याचें मागणें असें कीं, एका व्यक्तीशीं बोलतांना 'आपण' म्हणण्याची चाल मोडावी; स्त्री असो वा पुरुष, सर्वांशीं एकेरींतच बोलावें, आणि जो तसें बोलणार नाहीं त्यास 'संशयित' ठरवावें. हा शब्द वाचकांनीं सौम्य समजूं नये. संशयितांना पकडण्याचा कायदा नुकताच सप्टेंबरांत झाला होता, आणि त्या शब्दाची वाट तुरुंगांतून पुष्कळदां गिलोटिनकडे जात असे.

मागणीमागील भावना आम्हांस क्षुद्र वाटत नाहीं. धन्यानें चाकरास 'तूं' म्हणावें व चाकरानें धन्यास 'आपण', असें जेथें चालतें तेथें उच्चनीचभाव व्याकरणांतच मुरलेला असतो. 'अगं' आणि 'अहो' यांतील अंतर ज्या मराठी घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलें, त्यांस हें निराळें सांगावयास नको. सभेनें अर्जाचा गौरवानें उल्लेख केला, पण कायदा केला नाहीं. थोड्याच दिवसांनीं बाझिर या सभासदानें तो विषय पुन्हा काढला, तेव्हां थ्युरियोनें हरकत घेतली कीं, नागरिकांनीं कसें बोलावें हें कायद्यानें ठरविणें स्वातंत्र्यास धरून नाहीं. संशयितांचा कायदा पचविणाऱ्या सभेस हा कायदा मात्र पचला नाहीं! तरी कायद्याचें काम भयानें केलेंच. कचेऱ्यांतून व पत्रांतून एकेरी बोलणें रूढ झालें; आणि १७९४ च्या जुलैंत रोबेस्पिएर पडल्यावर भय ओसरूं लागलें, तसें तेंहि ओसरत गेलें.

त्याच लाटेंत जुनीं उपपदें जाऊन पुरुषास 'नागरिक' व स्त्रीस 'नागरिका' म्हणूं लागले. विवाहिता आणि कुमारिका हा भेद त्या एका शब्दानें पुसला. पण जिला नागरिका म्हणावयाचें तिचें मंडळ बंद. तिला मतहि नाहीं. स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा १७९१ त लिहिणारी ओलँप द गूज ही मालबेकच्या अर्जानंतर तिसऱ्या दिवशीं, ३ नोव्हेंबरला, गिलोटिनखालीं गेली. तिच्यावरील आरोप निराळा होता. राज्यपद्धति लोकांनीं मतानें निवडावी असें भित्तिपत्रक तिनें लिहिलें होतें. फ्रेंच स्त्रियांस मताधिकार मिळावयास १९४४ साल उजाडावें लागलें. पदवी देण्यास खर्च नव्हता, म्हणून ती सढळ हातानें दिली गेली, असेंच आम्हांस वाटतें.

'मादमवाझेल' या शब्दाची कथा तर मौजेची आहे. जुन्या राजवटींत तो लग्नाचा नव्हे, दर्जाचा द्योतक होता. नाटककार मोलिएरची पत्नी 'मादमवाझेल मोलिएर' म्हणूनच ओळखली जाई. 'अविवाहित' हा अर्थ मागाहून पक्का झाला, आणि पुरुषास कधीं न विचारलेला प्रश्न सरकारी कागद स्त्रीस विचारूं लागले. ता. २१ फेब्रुवारी २०१२ रोजीं पंतप्रधान फ्रांस्वा फियों यांनीं परिपत्रक काढून सरकारी नमुन्यांतून तो शब्द काढविला. घरीं वा दुकानांत कोणी तो वापरला, तर परिपत्रकाचें कांहीं म्हणणें नव्हतें. राज्यानें येथें स्वतःच्या लेखणीस शिस्त लावली; मालबेकला शेजाऱ्याची जीभ हवी होती.

पुढें २०२१ त धड पुल्लिंगी नाहीं व धड स्त्रीलिंगी नाहीं असें 'इएल' हें सर्वनाम 'रोबेर' कोशानें नोंदविलें, आणि खुद्द शिक्षणमंत्री कोशकारांवर रागावले. ता. ३० आक्टोबर २०२३ रोजीं सिनेटनें असे शब्द नोकरीच्या करारांपासून वापराच्या सूचनापत्रांपर्यंत वर्ज्य करणारें विधेयक संमत केलें. जें पूर्वीं सक्तीनें म्हणवावयाचें होतें, तें आतां सक्तीनें थांबवावयाचें, हौस तीच.

आमच्याकडे एप्रिल २०२३ त विधवांच्या नांवामागें 'गंगा भागीरथी' लावण्याची सूचना राज्याच्या महिला व बालविकासमंत्र्यांकडून आली. हेतु सन्मानाचा सांगितला गेला. 'गं. भा.' हें जुन्या निमंत्रणपत्रिकांतून आम्हीं पुष्कळ पाहिलेलें. पण पति निवर्तला आहे हें नांवाआधीं जाहीर करणारा सन्मान कोणास हवा होता, हें स्त्रियांनीं रोखठोक विचारलें, तेव्हां निर्णय झालेला नाहीं असा खुलासा आला. विधुरांसाठीं उपपद सुचविण्याची आठवण कोणास झाली नाहीं.

आपलें लिंग आपण ठरविण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें २०१४ त तृतीयपंथीयांस मान्य केला. मराठींत ही अडचण सर्वनामापाशीं थांबत नाहीं. 'मी आलों' कीं 'मी आलें', हें बोलणाऱ्यास प्रत्येक वाक्यांत ठरवावें लागतें. मात्र 'आपण आलांत' यांत कोणाचेंच लिंग उघडें पडत नाहीं. 'आम्ही आलों' याचेंहि तसेंच. आणि हा निबंध लिहिणारे 'आम्ही' स्त्री कीं पुरुष, हें वाचकांस येथवर कळलें नसेलच.