कामकऱ्यांचा ताण आणि बुद्धांची शिकवण

'ताण' हा शब्द आज ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. हान्स सेल्ये यांच्या १९३६ सालच्या संशोधनापासून वैद्यकात त्याची चर्चा सुरू झाली. पण बौद्ध वाङ्मयाने ही गोष्ट वीणेच्या तारेवरून फार पूर्वी सांगितली आहे. सोण नावाचा धनिकपुत्र भिक्षू झाला. चंक्रमण करता करता त्याचे तळपाय फुटले आणि तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. बुद्धांनी त्याला दाखवून दिले की तार फार ताणली तरी सूर बिघडतो आणि सैल सोडली तरी बिघडतो.

मात्र सोण आपली तार आपणच ताणीत होता. आमच्या विडी कामगाराचे तसे आहे काय?

हे कामठा जमीनदारीचे ठाणे होते. येथील चिमना पटेलाने १८१८ साली इंग्रजांविरुद्ध बंड केले, हे इतिहासात नमूद आहे. कुळांच्या मनावर कोणता बोजा होता, हे मात्र नमूद नाही. जमीनदारी गेली, पण बोजा गेला नाही. मांडीवर सूप घेऊन तेंदूपानाच्या विड्या वळणाऱ्या बाईला मजुरी मिळते ती हजारावर. सट्टेदार त्यांतील किती विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढील, ही धास्ती तिच्या मानेत आणि पाठीत उतरते. रात्री झोप येत नाही, आणि त्याचा राग निघतो तो मुलांवर.

अशा मंडळींच्या बैठकी आम्ही घेतो. वीस-पंचवीस माणसे गोल बसतात. प्रथम दहा मिनिटे नुसते श्वासाकडे लक्ष द्यायचे. मग वैद्याच्या क्रमाने चार प्रश्न घ्यायचे: दुखते काय? कशामुळे? ते थांबू शकेल काय? त्यासाठी काय करावे? चार आर्यसत्यांचा क्रम हाच आहे. त्यानंतर दोन बाणांचा दृष्टांत सांगायचा. पहिला बाण शरीराला लागतो. त्यावर शोक व चडफड करून माणूस दुसरा बाण आपल्याच मनात रुतवून घेतो. फळ्यावर दोन रकाने आखले की लोक आपणहून सांगू लागतात. छाट हा पहिला बाण. 'माझेच नशीब फुटके' हा दुसरा. दुसरा उपटण्यास जागरूक मन हवे, पहिला थांबविण्यास संघटना.

ही जोड आमच्या पदरची नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री म्हणून मांडले आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला. त्याच बाबासाहेबांनी १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढविली, ते हरले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी लक्षावधींना धम्म दिला, आणि २० नोव्हेंबरला काठमांडूच्या भाषणात दुःखाचा अर्थ शोषण असाही लावता येतो, हे बुद्ध व मार्क्स यांची तुलना करताना मांडले. तास कमी करणारा आणि धम्म देणारा माणूस एकच होता, हे विसरून चालणार नाही.

पुढे सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आले. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात १९७६ पासून दहा-दहा दिवसांची शिबिरे भरू लागली. अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी १९७९ साली एका वैद्यकीय महाविद्यालयात ताणग्रस्त रुग्णांसाठी ध्यानाचा वर्ग काढला. तो आठ आठवड्यांचा असे. या मार्गांनी पुष्कळांना आराम पडला, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

धोका आहे तो वेगळाच. आज मालकही कामगारांसाठी ध्यानाचे वर्ग भरवितो. अवश्य भरवावेत! परंतु मजुरी तीच, काम वाढते आणि वर 'श्वास पाहा' असा उपदेश, तर ते औषध नव्हे, गुंगी होय. उलट, केवळ मागणीपत्रक लिहून कोणाला झोप आली, असेही आमच्या पाहण्यात नाही. मजुरी वाढली, पण ती गुत्त्यात गेली, तर घरात काय आले?

म्हणून बैठकीच्या शेवटी आम्ही प्रत्येकाला दोन गोष्टी ठरवावयास सांगतो: एक घरी स्वतः करावयाची आणि एक सर्वांनी मिळून मागावयाची. तार आपली आहे. ती किती ताणावी, हे ठरविताना आपलाही हात खुंटीवर असला पाहिजे.