केंद्र, नाभी आणि चौकट: स्वयंचलित केंद्रीकरणाचा एक विचार

मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘फोकस’ या संज्ञेसाठी ‘नाभी’ व ‘केंद्र’ हे दोन्ही शब्द योजिले जातात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ चूल. केप्लरने १६०४ मध्ये तो शंकुच्छेदांच्या विवेचनात आणला. ‘केंद्र’ या शब्दात मात्र एक संदिग्धता आहे. चित्रातील सर्वांत सुस्पष्ट जागा आणि चित्राचा मध्य या दोन भिन्न गोष्टी त्यात एकवटतात. हीच गल्लत काही काळ कॅमेऱ्याच्या यंत्रातही झाली, हे लक्षणीय होय.

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली व पुढील वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या कलेचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतील नामवंत छायाचित्रकार. ओल्या काचपट्टीच्या त्या काळात छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून घासलेल्या काचेवरील उलटी प्रतिमा न्याहाळी व भिंग मागेपुढे करी. काम संथ होते. परंतु आधी चौकट ठरे आणि मग तिच्या कोणत्याही भागात, अगदी कडेलाही, सुस्पष्टता साधता येई.

यंत्राने हे काम हाती घेताच क्रम उलटला. १९७७ चा कोनिका सी-३५ एएफ हा मोठ्या प्रमाणावर निघालेला पहिला स्वयंचलित केंद्रीकरणाचा कॅमेरा. १९८५ च्या मिनोल्टा ७००० मध्ये भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांतील अंतर मोजून भिंग किती व कोणत्या दिशेस सरकवावे हे ठरे. मात्र हे मापन चौकटीच्या मध्यभागीच होई. त्यामुळे विषय मध्यभागी धरून कळ अर्धी दाबावी आणि मग चौकट हलवावी, अशी रीत पडली. तेवढे कष्ट न घेतल्यास शेजारी उभ्या दोघांऐवजी त्यांच्यामधली भिंतच सुस्पष्ट येई. कॅननच्या १९९२ मधील ईओएस ५ ने पाच बिंदू दिले व छायाचित्रकाराच्या नजरेवरून त्यांतील एक निवडण्याची सोय केली. आज असे बिंदू जवळजवळ सर्व चौकट व्यापतात आणि यंत्र माणसाचा व पशुपक्ष्यांचा डोळाही ओळखते.

तथापि निवडीचा प्रश्न सुटलेला नाही. पनवेल तालुक्यातील खारघरचा परिसर याची साक्ष देतो. पांडवकड्याचा धबधबा टिपताना कडा स्थिर असतो; तेथे एकवार केलेले केंद्रीकरण पुरते. खाडीकाठच्या तिवरांत धावणाऱ्या सोनेरी कोल्ह्यासाठी सतत पाठलाग करणारी पद्धत हवी. फांद्या आड येत असल्यास बिंदू लहान व स्वतः निवडलेला असावा, अन्यथा यंत्र जवळच्या पानावर थबकते. खाडीवर जाळे दुरुस्त करणाऱ्या कोळ्याचे चित्र घेताना यंत्र चेहऱ्याकडे धाव घेईल. परंतु चित्राचा विषय त्याचे हात असतील, तर ती ओळख बंद करून बिंदू बोटांवर आणणे इष्ट.

पूर्वी यंत्राने मध्याला महत्त्व दिले, आता ते डोळ्याला देते. दोन्ही निवडी यंत्रकारांनी आगाऊ करून ठेवलेल्या आहेत. त्या केव्हा स्वीकाराव्यात आणि केव्हा मोडाव्यात, हे ठरविण्यासाठी नारायण दाजींच्या काळाप्रमाणेच आधी चौकट निश्चित करावी लागते.