क्लाउड संगणनाचे अर्थकारण

क्लाउड संगणनाचे अर्थकारण म्हणजे संगणकीय क्षमता विकत घेण्याऐवजी भाड्याने घेण्याच्या व्यवहाराचा आर्थिक विचार होय. क्लाउड संगणनास मराठीत ‘मेघ संगणन’ असेही म्हणतात. नाव मेघाचे असले, तरी ही क्षमता जमिनीवरील विदा केंद्रांतच असते. तेथील इमारती, यंत्रे, वीज व शीतकरण यांचा खर्च भाड्यातून वसूल होतो.

संगणनशक्ती सार्वजनिक सेवेप्रमाणे पुरवता येईल, हा विचार जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये मांडला होता. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये ‘एस३’ ही साठवण सेवा प्रति गीगाबाइट दरमहा १५ सेंट दराने आणि ऑगस्टमध्ये ‘ईसी२’ ही सर्व्हर सेवा तासाला १० सेंट दराने देऊ केली.

खर्चाचे स्वरूप

स्वतःचे सर्व्हर घेताना मोठा भांडवली खर्च आधीच करावा लागतो, तोही सर्वाधिक गर्दीचा अंदाज धरून. दहावीच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर उडणारी झुंबड काही तासांची असते. तिच्यासाठी घेतलेली यंत्रे एरवी वर्षभर पडून राहतील. सेवादात्याकडे अनेक ग्राहक असतात व त्यांची गर्दी सहसा एकाच वेळी होत नाही, म्हणून तीच यंत्रे अधिक काळ कामात राहतात.

‘वापराल तेवढेच पैसे द्या’ ही घोषणा मात्र अर्धीच खरी आहे. आकारणी सुरू ठेवलेल्या यंत्राची होते; ते रिकामे चालत असले तरी देयक वाढतच जाते.

भाडे की मालकी

मागणी मोठी व स्थिर असल्यास भाडे महाग पडू शकते. ड्रॉपबॉक्सने आपला बहुतांश विदा ॲमेझॉनकडून स्वतःच्या यंत्रणेवर हलवला. कंपनीच्या २०१८ च्या भागविक्रीच्या कागदपत्रांनुसार, त्यानंतरच्या दोन वर्षांत तिच्या खर्चात सुमारे ७.५ कोटी डॉलरची घट झाली. उलट, नेटफ्लिक्सने २००८ मध्ये सुरू केलेले क्लाउडवरील स्थलांतर २०१६ मध्ये पूर्ण केले.

बाहेर पडण्याची किंमत

विदा आत आणणे बहुधा विनामूल्य असते, बाहेर नेण्यास मात्र शुल्क पडते. शिवाय एका सेवादात्याच्या खास सुविधांवर बेतलेली प्रणाली दुसरीकडे नेताना बरीचशी नव्याने लिहावी लागते. त्यामुळे ग्राहक अडकून पडतो आणि दराबाबत घासाघीस करण्याची त्याची ताकद घटते. युरोपीय संघाचा विदा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार सेवादाता बदलताना आकारले जाणारे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून घेता येणार नाही.