फ्रेरचे कारंजे आणि शिंदळ माकुडी

१/७
शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड. या गडांच्या कातळकड्यांवर, मूठभर मातीच्या खाचेत एक मांसल वनस्पती उगवते. तिचे स्थानिक नाव शिंदळ माकुडी. वनस्पतिशास्त्रात मात्र ती मुंबईच्या एका गव्हर्नराच्या नावाने ओळखली गेली. त्या नावाचा हा इतिहास.

२/७
पावसाळ्यात तिला पाने फुटतात आणि पिवळ्या खुणांची, काळपट तांबडी, चांदणीसारखी फुले येतात. कोरड्या दिवसांत पाने गळतात; मग पाणी साठवणारे हिरवे खोडच अन्न तयार करते. तिच्या जवळच्या नात्यातील वनस्पतींना अशी ठळक पाने नसतात. त्यामुळे ती वेगळी भासली.

३/७
निकोल डाल्झेल हे स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ. गिब्सन यांच्यासह त्यांनी १८६१ मध्ये ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे काही वर्षांतच जुन्नर भागातील या वनस्पतीसाठी त्यांनी नवी प्रजाती स्थापिली आणि तिला सर बार्टल फ्रेर (गव्हर्नर, १८६२–१८६७) यांचे नाव दिले : फ्रेरिया इंडिका.

४/७
याच फ्रेर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली. जुन्या चर्चगेटच्या जागी जे कारंजे उभे राहिले, त्यालाही आधी फ्रेर यांचेच नाव द्यायचे ठरले होते. अनावरणापूर्वी ते बदलून फ्लोरा, म्हणजे रोमन पुष्पदेवतेचे नाव दिले गेले. कारंज्याला फुलांची देवता लाभली, फुलाला गव्हर्नर.

५/७
पुढे त्या चौकाचा हुतात्मा चौक झाला. इकडे १९५८ मध्ये गॉर्डन रॉली यांनी फ्रेरिया ही प्रजाती कॅरॅलुमामध्ये विलीन केली. तेथे ‘इंडिका’ हे नाव आधीच दुसऱ्या जातीला दिलेले होते. म्हणून हिला ‘फ्रेरी’ म्हटले गेले. आज अनेक अभ्यासक तिला बूसेरोसिया फ्रेरी म्हणतात. स्वतंत्र प्रजाती गेली, फ्रेर राहिले.

६/७
वनस्पतिशास्त्राच्या नियमांत रीतसर प्रकाशित झालेल्या नावालाच स्थान आहे. ज्यांनी तिला शिंदळ माकुडी म्हटले, त्या माणसांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. आणि ‘इंडिका’ म्हणजे भारतीय असली, तरी ही वनस्पती निसर्गतः महाराष्ट्राबाहेर आढळत नाही.

७/७
चराई, वणवे आणि संग्राहकांची हौस यांमुळे ती आज दुर्मीळ आहे. गडावर दिसलीच, तर छायाचित्र घ्यावे. रोप उपटू नये, नेमकी जागाही जाहीर करू नये. मीही वर गडांची नावे दिली, कडे मात्र सांगितलेले नाहीत.