जहाजावरचे किशोरवय, दिंडीतले किशोरवय

बारामतीचा मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी इंदापूरच्या दिशेने निघते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, आणि सणसरच्या पुढे बेलवाडीच्या मैदानात पहिले गोल रिंगण रंगते. पताकाधारी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया धावतात, विणेकरी आणि पखवाजवादक धावतात, मग अश्व सुटतात. या गर्दीत बारा-तेरा वर्षांचा एखादा मुलगा असला, तर तो कोणत्या गटात धावतो? त्याच्या हातात जे असेल, त्या गटात. वारीत त्याच्या वयाचा असा वेगळा गट नसतो.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. सगळे कुटुंब लांबच्या प्रवासाला निघाले की अडचण होते ती याच वयाची. कडेवर घ्यावे इतके ते लहान नसते आणि मोठ्यांच्या गप्पांत रमावे इतके मोठेही नसते. या अडचणीचे सर्वांत आखीव उत्तर शोधले ते समुद्रसफरीच्या प्रवासी जहाजांनी.

जहाजावर मुलांची वेगळी सोय करण्याची कल्पना जुनी आहे. १९३५ साली अटलांटिकवर धावू लागलेल्या ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजावर मुलांसाठी स्वतंत्र भोजनगृह होते. त्याच्या भिंतींवर ‘बाबार’ हत्तीचा जनक ज्याँ द ब्रुनॉफ याची चित्रे होती. पण ती सोय धाकट्यांची. ‘किशोरवय’ हा माणसाच्या आयुष्यातला स्वतंत्र टप्पा आहे, ही मांडणी स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली आपल्या ग्रंथात केली होती. ‘टीनएजर’ हा शब्द रुळायला मात्र १९४० चे दशक उजाडले. बाजाराला हे वय त्यानंतर दिसले. (मराठीत ‘किशोर’ हे नाव घेऊन बालभारतीचे मासिक निघाले, ते १९७१ साली.)

१९९८ च्या जुलैत पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘डिस्ने मॅजिक’वर जवळजवळ एक अख्खा मजला मुलांना दिलेला होता. पुढे या कंपनीच्या जहाजांवर ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी ‘एज’ आणि १४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी ‘व्हाइब’ अशी मंडळे झाली. तिथे आईवडिलांना एरवी प्रवेश नाही. ‘रॉयल कॅरिबियन’ने तर ३ ते ५, ६ ते ८, ९ ते ११ अशा पायऱ्या पाडल्या आणि १२ ते १७ वयाच्या मुलांना निराळे दालन दिले. याच कंपनीसाठी १९९० साली बांधलेले ‘नॉर्डिक एम्प्रेस’ हे जहाज आज ‘एम्प्रेस’ या नावाने भारतात आहे; कॉर्डेलिया कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून त्याच्या सफरी सुरू केल्या.

आता पुन्हा वारीकडे. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला, असे परंपरा सांगते. दिंडी हाही एक फिरता मुक्कामच. तिला क्रमांक असतो, विणेकरी असतो, सामानाची गाडी, राहुट्या आणि स्वयंपाकाची व्यवस्था असते. एका गावची, एका फडाची माणसे १८-२० दिवस सोबत राहतात. या मुक्कामातही भिंती होत्या, मात्र त्या वयाच्या नव्हत्या. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात ज्ञानोबांच्या पालखीचा आपला अनुभव लिहिला. दिवसभर एकत्र चालणारे, एकत्र गाणारे ब्राह्मण आणि मराठा जेवायला मात्र वेगळे बसतात, हे त्यांना तिथे खुपले. दलित वारकऱ्याच्या पोराची वाट तर देवळाच्या बाहेरच संपत असे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे दार त्याला उघडले. ‘वारीत सगळे एक’ हे वाक्य सहज उच्चारणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

वयाचे मात्र खरेच बंधन नव्हते. अकरा वर्षांचा मुलगा साठ वर्षांच्या माणसाशेजारी टाळ वाजवायचा. पहाटेचा काकडा आणि संध्याकाळचा हरिपाठ कानांनीच पाठ व्हायचा; चुकला तर शेजारचा म्हातारा नजरेने दटावायचा. हात बसला की पखवाज, गळा तयार झाला की चाल धरणे. विणा हा बहुधा वडिलकीचा मान. १९१७ साली विष्णुबुवा जोग यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि वाटेवर ऐकून मिळणाऱ्या या विद्येला चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची शिस्त आली. ही शिडी होती मुलग्यांची. मुलीच्या डोक्यावर बाराव्या वर्षी जी तुळस येई, तीच साठाव्या वर्षीही असे. जहाजावरच्या मंडळात मुलगा-मुलगी एका खोलीत बसतात, एवढे श्रेय त्या मंडळाला द्यायलाच हवे.

रिंगण संपले की फुगड्या, हुतूतू, पावल्या असे खेळ सुरू होतात. त्यांतही नातवंड आणि आजोबा हातात हात गुंफून गिरक्या घेतात. जहाजावर खेळाची खोली वेगळी असते आणि तिथे मुलांचे गडी त्यांच्याच वयाचे असतात.

वयाची खोली वारीच्या वाटेवरही आली, पण ती शाळेतून. आषाढी जवळ आली की महाराष्ट्रभर शाळांच्या दिंड्या निघतात. कोणी विठ्ठल होतो, कोणी रखुमाई. रांगा इयत्तेप्रमाणे लागतात, पुढे-मागे शिक्षक असतात आणि दिंडी गावाला वळसा घालून मधल्या सुट्टीपर्यंत परत येते. तोवर खरी पालखी बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर मागे टाकून सराटीला पोहोचलेली असते. तिथे नीरेत पादुकांना स्नान घडते आणि पुणे जिल्हा संपतो. शाळा जूनमध्येच सुरू झालेली असली, तरी काही पोरे अजूनही टाळ घेऊन पालखीबरोबर पुढे अकलूजकडे चालत असतात.